सरांची वाटणी

आमच्या घरमालकांनी कुठलीही गोष्ट कधी सारखी वाटली नाही. पपई कापायला घेतली की कडेची बोटाएवढी फोड काढायची, ती स्वतःच्या ताटलीत ठेवायची आणि उरलेली अख्खी पपई माझ्यापुढे सरकवायची. चहाचंही तेच. दोन कप मांडायचे, एक काठोकाठ भरायचा, दुसऱ्यात घोटभर टाकायचा आणि तो घोट घेऊन समाधानानं मिशा पुसायच्या. मी शाळेत गणित शिकवते. अर्धं म्हणजे अर्धं, हे पोरांच्या डोक्यात बसवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे समोर बसून हा प्रकार बघताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"सर, दोघं आहोत ना आपण? मग अर्धा-अर्धा घ्या की."

"अर्ध्यानं कोनाचंच पोट भरत नाही, बाई," ते म्हणायचे. "एकाचं तं भरू द्या."

देवरीत हायवेच्या आतल्या बाजूला त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे आणि मागच्या दोन आम्हाला भाड्यानं दिल्या होत्या. माझ्या नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान होतं, माझी शाळा जवळ होती, म्हणून आम्ही तिथे राहायला गेलो आणि बरीच वर्षं राहिलो. सर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, ते गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि विचारायला गेलं तर ते तुमच्या गॅसच्या नळीची चौकशी सुरू करत. नळी कधी बदलली, शेगडी बंद करताना बटण कुठपर्यंत फिरवता, रात्री खिडकी उघडी ठेवता की नाही. इतका काळजीखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. हायवेवर एखाद्या ट्रकचा ब्रेक करकचला की ते पायात चप्पल न घालता फाटकापर्यंत जायचे आणि माझ्या नवऱ्याचं दुकान जागेवर आहे ना, ते पाहून परत यायचे.

त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं त्यांना पाठीमागे 'पोलर सर' म्हणत. मला वाटायचं, थंडी फार वाजते म्हणून असेल, कारण सर मे महिन्यातही कानटोपी काढत नसत. खरं कारण त्यांनीच मला एकदा माझ्या स्वयंपाकघरात समजावून दिलं. मी भाकरीसाठी तांदळाची उकड मळत होते. सर कसलं तरी भांडं परत द्यायला आले आणि दारातच थबकले.

"तो गोळा द्या बरं इकडे."

मी दिला. न देऊन सांगते कुणाला? त्यांनी तो हातावर फिरवून गुळगुळीत केला.

"समजा, हे अंडं. कोंबडीचं नाही, सस्तन प्राण्याचं. उंदराचं समजा, गाईचं समजा, नाही तं तुमचं समजा. हत्तीचं अन् चिचुंदरीचं अंडंबी जवळजवळ एकाच मापाचं असते. आता याचे दोन भाग करायचे हायेत. अंगातल्या बाकीच्या पेशी काय करतात? मधातून कापतात, तुमच्या गणितासारखं. अन् अंडं काय करते?" त्यांनी चिमटीत मोहरीएवढी कणी तोडली. "हे असं करते. ही पोलर बॉडी. गुणसूत्रं याच्यात बरोबर निम्मी हं. नावाले निम्मा हिस्सा भेटला, पन घर नाही, दाना नाही, पानी नाही. हा मरते. अन् या मोठ्यापाशी साऱ्या घरादाराची शिदोरी राहते."

"काय हो हा अन्याय? कशाला असं?"

"कायले म्हंजे? पुढं जीव बसला का पहिले काही दिवस त्याले कोन खाऊ घालते? आईशी नाळ जुळाले अजून येळ हाये. नळीतून गडगडत एकटाच चालला बिचारा. तवा हीच शिदोरी खाते. अंड्यानं तुमच्यासारखी सारखी वाटनी केली असती, तं दोघंबी अर्ध्या रस्त्यात मेले असते."

एवढं बोलून त्यांनी गोळा मला परत दिला. कणी मात्र टाकली नाही. खिडकीच्या कठड्यावर नीट ठेवली आणि मुंग्या येईपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले. "याचं कोनी नाव घेत नाही," असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. मी परत उकड मळायला लागले. मला तेव्हा ते फक्त गमतीचं वाटलं होतं.

शिदोरीचं तर त्यांना वेडच होतं. कुणी घराबाहेर पडताना दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "बांधून घेतलं का?" बाजारात भाजी आणायला निघालं तरी हातात मुरमुऱ्याची पुडी यायची. वर माझ्या नवऱ्याला डिवचायचे, "जवाई, तुम्हा बाप्यांकडचे लाखोनं निघतात, पन एकाच्या हाती डबा नाही. म्हनून तं रस्त्यातच संपतात." नवरा टायर टाकून पोट धरून हसायचा. मला हसू यायचं नाही. कारण लाखोंपैकी एकही आमच्याकडे मुक्कामाला पोचत नव्हता, आणि ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

माझी चाळिशी जवळ आली होती. प्रतापगडच्या महादेवाला जाऊन झालं होतं, तिथल्या दर्ग्यालाही जाऊन झालं होतं, सासूबाईंच्या ओळखीतली सगळी औषधं पोटात गेली होती. शेवटी आम्ही गोंदियाच्या एका केंद्रात जायला लागलो. तिथे बाईच्या पोटातून अंडी काढतात, लॅबमध्ये जीव बसवतात आणि तो वाढला तर परत पोटात सोडतात. डॉक्टर हिंदीत बोलायचे. "मॅडम, उमर का थोडा असर रहता है," ते म्हणाले. मी घरी आल्यावर सरांना विचारलं की वयाचा आणि अंड्याचा काय संबंध? अंडी तर दर महिन्याला नवीन येतात ना?

सरांनी पंचानं तोंड पुसलं. बोलावं की नाही, असं त्यांना झालं असावं.

"नवीन येत नाहीत, बाई. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होत्या ना, तवाच तुमच्या अंड्यांनी वाटनीले सुरुवात केली. सुरुवात केली अन् मधातच थांबली. गुणसूत्रांच्या जोड्या हातात हात धरून उभ्या. तशाच उभ्या हायेत, तीस वर्षं, पस्तीस वर्षं. एखादीचा हात सुटू शकते. मंग वाटनी चुकते."

त्या दिवशी मी आईला फोन केला. मी पोटात होते तेव्हा तू काय करत होतीस, असं विचारलं. आई म्हणाली, "काय करीन व? रोवन्याले जात होती लोकाईच्या बांधीत. दिवसभर चिखलात वाकून. काऊन?" मी काही नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मला एकदम रडू आलं. आई दुसऱ्याच्या शेतात भाताची रोपं लावत होती, मी तिच्या आत होते आणि माझ्या आत ही अर्धवट राहिलेली वाटणी होती. तेव्हापासून ती तशीच थांबून होती आणि तिचा निकाल आता गोंदियात लागणार होता.

पहिल्या वेळी काही जमलं नाही. जीव बसला होता, दोन दिवस ठीक होतं, मग डॉक्टरांचा फोन आला. "देखिए मॅडम, सब रुक गए." मेले म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. रुक गए म्हणजे काय? रुकलेली गाडी परत सुरू होते. मी दिवसभर तो शब्द चघळत बसले. संध्याकाळी सरांना सांगितलं, तर त्यांनी काय विचारावं?

"कितीवर थांबले?"

"चारावर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "शिदोरी सरली असन."

माझं डोकं फिरलं. माझ्या घरात सुतक असल्यासारखं झालं होतं आणि हा माणूस तास घेत होता! मी त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवसांत दारात रोज काही ना काही ठेवलेलं असायचं. कधी पपई, कधी मोहफुलांचे लाडू, एकदा तर अख्खा कोहळा. कोहळ्याची एक पातळशी चकती कापून घेतलेली होती. तेवढी त्यांनी स्वतःला ठेवली असणार. त्या चकतीकडे बघून माझा राग गेला. रागावण्यासारखंही काही उरू देत नव्हते ते.

दार उघडल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. जीव बसला तरी सुरुवातीला तो स्वतःचं काही करत नसतो. सगळं आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या सामानावर चालतं. चार पेशींच्या पुढे, आठच्या आसपास त्याला स्वतःचा कारभार हाती घ्यावा लागतो. तोवर शिदोरी पुरली तर तो पुढे जातो. पुष्कळ जण तिथेच थांबतात. "तुमची चूक नाही," ते म्हणाले. "कोनाचीच नाही." नवरा बाजूला बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे सर, बापाच्या भांडवलावर दुकान टाकलं, पण भांडवल सरायच्या आत धंदा चालू व्हायला पाहिजे." सर म्हणाले, "आईच्या. बापाचं भांडवल कुठचं आलं इथं?"

सरांचा धाकटा भाऊ गावी शेती करायचा. इटियाडोहच्या कालव्यावर त्यांची वडिलोपार्जित बांधी होती, एकसलग, चांगली मोठी. दरवर्षी धान निघालं की हा भाऊ नव्या तांदळाचं पोतं घेऊन यायचा आणि सर त्यातलं पायलीभर ठेवून बाकीचं परत पाठवायचे. त्या वर्षी तो आला तेव्हा सर चहा करायला आत गेले होते आणि भाऊ ओसरीवर एकटा बसला होता. मी सहज म्हटलं, "ठेवून घ्यायला लावा ना पोतं." त्याला तेवढंच निमित्त पुरलं.

"तुम्हीच सांगा दादाले, म्याडम. बाप गेला तवा वाटनीले सारा गाव जमला. मोजाले दोरी आनली होती. अन् दादा म्हनते, बांधी कापाची नाही. मधात बांधाचा धुरा घातला तं जागा जाते, पान्याची पाळी फुटते, कोनाचंच पिकत नाही. तूच ठेव सारी. मले पगार हाये. अन् स्वतःले काय घेतलं? कोपऱ्यातलं मोहाचं झाड. झाडाखालची जागा तेवढी दादाची. सारे म्हनतात, दादा देवमानूस. मंग मी कोन? हिसकून खानारा?"

"असं कोण म्हणतं?"

"कोनी नाही म्हनत. मीच म्हनतो. सारखी वाटनी केली असती तं धुऱ्यावरून भांडलो असतो, बोलाचाली झाली असती, पुन्हा गोड झालो असतो. जसे सारे भाऊ राहतात तसे राह्यलो असतो. आता मले दादाशी भांडताबी येत नाही."

तेवढ्यात सर चहा घेऊन आले. भावापुढे काठोकाठ भरलेला कप ठेवला आणि स्वतःचा घोट घेऊन पायरीवर बसले. भावानं माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. जाताना पोतं त्यानं परत नेलं. खरं सांगायचं तर मला भावाचं म्हणणं पटलं होतं. पण सरांना ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

थंडीत आम्ही दुसऱ्यांदा गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वेळी नाही झालं तर पुढे फारशी आशा धरू नका. मलाही पुन्हा त्या इंजेक्शनच्या सुया नको होत्या. या वेळी दोनच अंड्यांत जीव बसला. लॅबमध्ये काम करणारी मुलगी देवरीचीच निघाली आणि पत्ता विचारता विचारता आमचे घरमालक कोण, ते तिला कळलं. ती मास्क खाली करून हसली. "पोलर सर? अजून सगळ्यांना मुरमुरे देतात का? मी त्यांच्याचमुळे या लाइनला आले." मग तिनं हळूच सांगितलं की तिसऱ्या दिवशी फोटो पाठवीन.

ते मधले दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. फळ्यावर सोप्या बेरजा चुकत होत्या आणि पोरं एकमेकांकडे बघत होती. फोन पर्समध्ये ठेवला की वाजल्याचा भास व्हायचा, हातात धरला की वाजायचा नाही. सरांची अवस्था माझ्याहून वाईट होती. त्यांनी अंगणातला नळ दुरुस्त करायला काढला आणि उघडाच ठेवून दिला. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा झाडलं. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. थंडी वाजून राहिली." कानटोपी तर डोक्यावरच होती.

फोटो आले तेव्हा सकाळ होती आणि शाळेला सुट्टी होती. नवरा दुकानात गेला होता. फोन थरथरला, वर त्या मुलीचं नाव दिसलं आणि माझ्याच्यानं काही ते उघडवेना. मी तशीच पुढच्या खोलीत गेले आणि फोन सरांच्या हातात दिला.

"तुम्ही बघा. मला नका सांगू. म्हणजे सांगा. पण आधी तुम्ही बघा."

सरांनी फोन टेबलावर ठेवला. कपाटातून बेडूक कापायची जुनी पेटी काढली, तिच्यातलं भिंग घेतलं आणि फोनवर वाकले. फोटो बोटांनी मोठा करता येतो, हे त्यांना सांगायलाही मला सुचलं नाही. पहिला फोटो त्यांनी फार वेळ पाहिला. मीही शेवटी डोकावले. एका गोल कवचात एक मोठा गोळा होता, एक लहान होता आणि भोवती चुरा पडला होता.

"हा थांबला," ते म्हणाले.

मी पलंगावर बसले. दुसरा फोटो ते बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. मोजून झालं, पुन्हा मोजायला लागले. मला ओरडावंसं वाटलं.

"सारखे हायेत," शेवटी ते म्हणाले. "आठ हायेत, अन् आठही जवळजवळ सारखे. चांगलं हाये, बाई. लई चांगलं हाये."

इतक्या भीतीतही माझ्यातली गणिताची बाई गप्प बसेना. "सर, सारख्या वाटणीला तुम्ही चांगलं म्हणता?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे पाणावले होते, ते भिंगानं शिणले म्हणून की कशानं, ते सांगता येत नाही.

"अंड्याची वाटनी येगळी, बाई. त्याले साठवून ठेवाचं राहते, म्हनून ते एकाले देते अन् दुसऱ्याले काढून टाकते. पन जीव बसला का मंग कोनालेच टाकून चालत नाही. आता याची वाढ होऊन राहिली नाही, तेवढ्याच गोळ्याचे दोन, चार, आठ होऊन राहिले. प्रत्येकाच्या हाती सारखी शिदोरी जाले पाहिजे. एकाले जास्त, एकाले कमी झालं का..." त्यांनी पहिल्या फोटोकडे बोट केलं. "असं होते."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"वर्गातबी कधी सांगितलं नाही. पहिल्या वाटनीतच माझा तास सरून जाये. पुढचं पोरं पुस्तकातून वाचत." ते थोडा वेळ भिंगाचा दांडा पुसत बसले. "मलेच तिथून पुढं जाता येत नव्हतं."

मी त्यांना इतकी वर्षं चिडवत आले होते, त्या दिवशी मात्र मला चिडवता आलं नाही. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दुकान उघडलं म्हणायचं का?" मी म्हटलं, "कुलूप काढलंय. गिऱ्हाईक यायचंय."

मी गोंदियाला निघाले तेव्हा सर बसस्टँडपर्यंत आले. पुडी दिली, मग खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, त्या थांबलेल्याचं काय करतात, तेवढं विचारून याल का?" मी विचारलं. लॅबमधली मुलगी म्हणाली, "सरांनी विचारायला सांगितलं ना? दुसरं कुणी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "काही करत नाही. थोडी वाट बघतो, मग काढून टाकतो." परत आल्यावर मी सरांना तसंच सांगितलं.

तो आठ पेशींचा जीव माझ्या पोटात सोडला आणि रक्ततपासणीपर्यंत वाट बघायला सांगितली. ती वाट बघणं त्या सुयांपेक्षा वाईट होतं. मी शिंकायला घाबरत होते. पायरी उतरताना भिंतीला हात लावत होते. हसू आलं तर दाबत होते, कारण पोट हलायचं. पोटात काही जाणवलं की वाटायचं, जमलं; काही जाणवलं नाही की वाटायचं, गेलं. सरांनी घरात कुजबुजत बोलायला सुरुवात केली होती. जणू आत कुणी झोपलंय. नवऱ्यालाही त्यांनी फाटकाबाहेरच मोटारसायकल बंद करून ढकलत आणायला लावली.

एक दिवस ते न सांगता कुठेतरी गेले. मला भलतीच भीती वाटली. संध्याकाळी परत आले, चपला मातीनं भरलेल्या होत्या. गावी गेले होते, दोन गाड्या बदलून.

"काही काम होतं का?"

"होतं. भावाले म्हनाचं होतं, मधात धुरा घालू. अर्धी मले दे." पंचानं त्यांनी पाय पुसायला घेतले. "मोहाच्या झाडाखाली उभा राह्यलो. तो धावत आला, जेवाले घेऊन गेला. जेवलो. ताट इतकं वाढलं होतं का मले काही बोलताच आलं नाही."

"मग?"

"मंग आलो परत. तुमचं काय? जेवल्या का?"

रक्त तपासायला गेलो त्या दिवशी मी त्यांना सांगून ठेवलं की फोनवर काही सांगणार नाही, घरी येऊनच सांगीन. फोनवर ऐकलेल्या शब्दांचा मला धसका बसला होता. निकाल दुपारी कळला. डॉक्टर बोलले, आम्ही ऐकलं आणि नवरा औषधं घेण्यासाठी आणि दुकानाच्या सामानासाठी गोंदियातच थांबला. मी एकटीच देवरीच्या गाडीत बसले. शेजारची बाई सारखी बोलत होती आणि मी हं हं करत होते.

सर बसस्टँडवर उभे होते. कधीपासून उभे होते, देव जाणे. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच गाडीच्या चाकाकडे बघायला लागले. मी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर स्टँडवरच रडले असते. घरापर्यंत आम्ही तसेच चालत गेलो. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "पुडी खाल्ली का?" मी मान हलवली.

घरी गेल्यावर त्यांनी चहा टाकला. दूध उतू गेलं, ते त्यांना दिसलंच नाही. शेवटी दोन कप मांडले. एक काठोकाठ भरला, बशीतही सांडला. दुसऱ्यात नेहमीसारखा घोटभर टाकला. भरलेला कप माझ्यापुढे सरकवून माझ्याकडे न बघता बसून राहिले.

मी माझा कप उचलला आणि त्यांच्या कपात ओतायला लागले. हळूहळू, डोळ्यांच्या रेषेत धरून. दोन्हीकडचा चहा एका उंचीला आला तेव्हाच थांबले.

"हे काऊन?" ते म्हणाले.

"जीव बसला का सारखं वाटाचं असते," मी म्हटलं. "तुम्हीच तं सांगितलं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग दोन्ही हातांनी कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले. आजवर मला त्यांनी बाईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "पोरी, आता जपून राह्य. अजून लई रस्ता हाये. चिकटून बसला, आता नाळ जुळाची हाये, मंग..."

"सर, चहा गार होऊन राहिला."

ते प्यायला लागले. अर्धा कप चहा प्यायची त्यांना सवय नव्हती. मधे मधे थांबत होते, कपात किती उरला ते बघत होते. मी माझा संपवला आणि दोन्ही कप धुवायला घेतले. त्यांच्या कपात तळाशी एक घोट तसाच होता. कुणाचा, ते मला विचारावं लागलं नाही. मी तो मोरीत ओतला नाही. कप तसाच, त्या कणीसारखा, खिडकीच्या कठड्यावर ठेवला.